पुस्तकांच्या दोन पेठा आणि मधले कर्जत

मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून पुणे स्थानक लोहमार्गाने १९२ किलोमीटरवर आहे आणि कर्जत त्यातल्या शंभराव्या किलोमीटरवर. मराठी पुस्तके छापण्याचा आणि विकण्याचा व्यवसाय गेली दीडशे वर्षे मुख्यतः या दोन शहरांतच वाढला. त्यामुळे रायगडच्या आतल्या अंगाला वसलेल्या कर्जत आणि खालापूर तालुक्यांतल्या वाचकाला एक सोय आपसूक लाभली आहे. सकाळच्या गाडीने निघून, दोहोंपैकी कोणत्याही एका शहरातली पुस्तकांची दुकाने पायी धुंडाळून त्याला रात्री जेवायला घरी परतता येते. महाराष्ट्रातल्या फार थोड्या तालुक्यांच्या वाट्याला ही सोय आलेली आहे.

सोयीची गरजही आहे. तालुक्याच्या गावी पुस्तकांचे दुकान म्हणजे बहुधा वह्या, कंपासपेट्या, पाठ्यपुस्तके आणि गाईड. कादंबरी, चरित्र, इतिहास किंवा कवितासंग्रह हवा असेल तर नाव सांगून मागवावा लागतो. नाव माहीत असलेले पुस्तक आता घरपोचही येते. पण जे पुस्तक आहे हेच ठाऊक नाही, ते मागवणार कसे? ते फडताळापुढे उभे राहिल्यावरच सापडते, आणि त्यासाठी गाडी पकडावी लागते.

ही गाडी या भागात फार लवकर आली. मुंबई-ठाणे मार्ग १८५३ मध्ये सुरू झाला आणि तीनच वर्षांत, १८५६ मध्ये, रूळ खोपोलीपर्यंत पोहोचले. घाटावरच्या बाजूला खंडाळा ते पुणे हा मार्ग १८५८ मध्ये खुला झाला. मधला बोरघाट मात्र १८६३ पर्यंत रुळांविना होता. त्या काळात खोपोलीला उतरलेली माणसे पालखीतून, बैलगाडीतून किंवा पायी घाट चढत आणि खंडाळ्याला पुन्हा गाडी धरत. मुंबईच्या छापखान्यांतला माल पुण्याच्या बाजारात न्यायचा तर त्यालाही हीच चढण होती. पुढे पळसदरीमार्गे घाटाची चढण बांधून झाली, मुख्य मार्ग कर्जतवरून गेला आणि खोपोली एका लहान फाट्याचे शेवटचे स्थानक म्हणून उरले. आजही पळसदरी, केळवली, डोलवली, लौजी अशी लहान लहान स्थानके घेत खोपोलीची लोकल कर्जतला येते. तिच्या फेऱ्या मोजक्याच आहेत, म्हणून खालापूर तालुक्यातून निघणाऱ्याने परतीची गाडी आधी पाहून ठेवावी. पुण्याला जायचे असेल तर खोपोलीहून जुन्या महामार्गाने एसटीचाही पर्याय आहे.

मुंबईकडे उतरणारी कर्जत लोकल वाटेत ज्या गावांतून जाते, त्यांतली काही गावे ग्रंथालयांसाठी प्रसिद्ध आहेत. बदलापूरला श्याम जोशी यांनी उभे केलेले ग्रंथसखा वाचनालय आहे. दुर्मीळ मराठी ग्रंथ आणि जुनी नियतकालिके पाहायला अभ्यासक तिथे दुरून येतात. कल्याणचे सार्वजनिक वाचनालय १८६४ सालचे, म्हणजे बोरघाटातून गाडी धावू लागल्यानंतर एका वर्षाने स्थापन झालेले. ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ सालचे. मराठी सारस्वताचा इतिहास लिहिणारे वि. ल. भावे त्याच्या संस्थापकांपैकी होते. पुस्तके विकत घ्यायला निघालेल्याला या थांब्यांचा उपयोग वेगळा आहे. एखादे पुस्तक बाजारातून संपलेले असेल, तर ते कोणत्या ग्रंथालयात वाचायला मिळेल हे माहीत असलेले बरे.

सीएसएमटीला उतरल्यावर पायी फिरण्याजोगा पहिला भाग म्हणजे फोर्ट. हा भाग मुळात तटबंदीच्या आतला. तट १८६०च्या दशकात पाडला गेला, पण आतल्या गल्ल्यांची आखणी चालत्या माणसाच्या मापाचीच राहिली. दादाभाई नौरोजी रस्त्याच्या कमानींखालून सरळ दक्षिणेला चालत गेले की पंधरा मिनिटांत हुतात्मा चौक येतो. चौकातून चर्चगेटकडे जाणाऱ्या रस्त्याच्या पदपथावर एके काळी जुन्या पुस्तकांच्या चळती छातीएवढ्या उंच लागत. महापालिकेने २००५ मध्ये तिथले बहुतेक विक्रेते हटवले आणि मुंबईतल्या कित्येक वाचकांचे रोजचे थांबणे त्या दिवशी संपले. काही विक्रेते त्या परिसरात नंतरही तग धरून राहिले. त्यांच्याकडे बहुतेक माल इंग्रजी असतो, पण चळतीत मधूनच एखादे मराठी पुस्तक निघते, आणि तेच नेमके दुकानातून दहा वर्षांपूर्वी संपलेले असते.

चौकाच्या समोरच, सोमैया भवनाच्या तळमजल्यावर २०११ मध्ये किताबखाना हे दुकान सुरू झाले. उंच छत, जुने खांब, लाकडी फडताळे आणि बसून वाचायला जागा अशी त्याची मांडणी. इंग्रजी पुस्तके जास्त असली तरी मराठी, हिंदी आणि गुजराती पुस्तकांनाही तिथे जागा आहे. डिसेंबर २०२० मध्ये आगीत दुकानाचे मोठे नुकसान झाले. आगीने आणि ती विझवण्याच्या पाण्याने हजारो पुस्तके गेली. मार्च २०२१ मध्ये ते पुन्हा उघडले. टाळेबंदीच्या वर्षात, आगीनंतर तीन महिन्यांत पुस्तकांचे दुकान परत उभे राहणे ही मुंबईच्या पुस्तकव्यवहारातली अलीकडची सर्वांत आनंदाची घटना म्हणावी लागेल.

किताबखाना या नावामागे एक जुना योगायोगही आहे. निबंधमालाकार विष्णुशास्त्री चिपळूणकर यांनी पुण्यात चित्रशाळा आणि आर्यभूषण छापखाना यांच्या उभारणीत भाग घेतला, तसे लोकांना चांगली पुस्तके मिळावीत म्हणून पुस्तकांचे एक दुकानही काढले होते. त्या दुकानाचे नाव किताबखाना. चिपळूणकर १८८२ मध्ये अवघ्या बत्तिसाव्या वर्षी गेले. वर्तमानपत्र, छापखाना, चित्रे आणि दुकान या चारही गोष्टी मिळून वाचक घडतो, हे त्यांनी इतक्या लवकर ओळखले होते.

फोर्टातच कावसजी पटेल रस्त्यावर पीपल्स बुक हाऊस आहे. लोकवाङ्मय गृहाची आणि एकूणच समाजकारण, कामगार चळवळ, स्त्रीप्रश्न, जातिप्रश्न या विषयांवरची मराठी पुस्तके शोधणाऱ्याने आधी इथे यावे. दुकान लहान, पण निवड विचारपूर्वक. पीएम रस्त्यावरच्या बोटावाला चेंबर्समध्ये स्मोकर्स कॉर्नर नावाचे दुकान १९५०च्या दशकात सुरू झाले. नुसते चाळत उभे राहणाऱ्यालाही तिथे कोणी हटकत नसे, अशी त्याची ख्याती होती.

स्ट्रँड बुक स्टॉलची आठवण काढल्याशिवाय फोर्टचा फेरा पुरा होत नाही. टी. एन. शानभाग यांनी १९४८ मध्ये कुलाब्याच्या स्ट्रँड चित्रपटगृहात एका लहान जागेत तो सुरू केला आणि पुढे फोर्टमध्ये आणला. छापील किमतीवर सरसकट सूट देण्याची पद्धत त्यांनी मुंबईत रुजवली. गिऱ्हाइकाची आवड लक्षात ठेवून त्याच्यासाठी पुस्तक बाजूला काढून ठेवणारे दुकानदार म्हणून त्यांचे नाव झाले आणि २००३ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. पुस्तक विकणाऱ्या माणसाला असा मान क्वचितच मिळतो. २०१८ च्या फेब्रुवारीत दुकान बंद झाले. शेवटच्या दिवसांत तिथे जमलेल्या गर्दीत साठी ओलांडलेली माणसे होती, तशी त्यांची नातवंडेही होती.

फोर्टाहून धोबीतलाव आणि ठाकूरद्वार या वाटेने गिरगाव अर्ध्या तासात गाठता येते. मराठी पुस्तकाचे मुंबईतले मूळ घर हे. केशव भिकाजी ढवळे, परचुरे, खटाववाडीतले मौज अशी प्रकाशनगृहे या परिसरात नांदली. इथल्या मॅजेस्टिक सिनेमात १९३१ च्या १४ मार्चला आलम आरा हा पहिला भारतीय बोलपट झळकला. त्याच चित्रपटगृहाच्या शेजारी सुरू झाल्यामुळे कोठावळे यांच्या पुस्तकांच्या दुकानाला मॅजेस्टिक हे नाव पडले. चित्रपटगृह केव्हाच गेले, नाव पुस्तकांवर राहिले. केशवराव कोठावळे यांनी १९६४ च्या जानेवारीत ललित हे मासिक सुरू केले. कोणती पुस्तके आली, कोण काय लिहीत आहे, हे गावोगावच्या मराठी वाचकाला कळावे यासाठीच ते निघाले. कर्जत-खालापुरातल्या वाचकासारखे, दुकानापासून लांब राहणारे जे हजारो लोक होते, त्यांच्यासाठी ललित म्हणजे टपालाने येणारी दुकानाची काचच होती.

गिरगावातला मराठी मध्यमवर्ग दादर, पार्ले, ठाणे, डोंबिवली असा पांगत गेला, तशी इथली पुस्तकांची वर्दळही ओसरली. तरी चर्नी रोड स्थानकाजवळचे शासकीय ग्रंथागार चुकवू नये. साहित्य आणि संस्कृती मंडळाचे ग्रंथ, महात्मा फुले समग्र वाङ्मय, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या लेखन-भाषणांचे खंड अशी शासकीय प्रकाशने इथे विकली जातात, आणि त्यांच्या किमती खासगी प्रकाशनांच्या मानाने फार कमी असतात. यादीतले प्रत्येक पुस्तक दर वेळी शिल्लक असतेच असे नाही. शिल्लक असेल तेव्हा घेऊन ठेवावे.

आपल्या तालुक्याविषयीचे जुने साहित्य शोधणाऱ्या कर्जतकराने इथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. रायगड जिल्ह्याचे आधीचे नाव कुलाबा, हे सर्वांना ठाऊक असते. १९८१ मध्ये ते बदलले. म्हणून ब्रिटिशकालीन माहितीसाठी माणूस साहजिकच १८८३ चा कुलाबा गॅझेटियर मागतो आणि त्यात कर्जत नाही म्हणून निराश होतो. त्या वेळी कर्जत आणि खालापूर ठाणे जिल्ह्यात मोडत होते. त्यांची माहिती १८८२ च्या ठाणे गॅझेटियरात, म्हणजे तेराव्या आणि चौदाव्या खंडांत सापडते. जुन्या पुस्तकांच्या विक्रेत्याकडे खंडाचा नेमका आकडा सांगितला तर शोधाचे निम्मे काम तिथेच होते.

चर्नी रोडहून पश्चिम रेल्वेने दादर. मुंबईत वेळ थोडा असेल आणि फक्त मराठी पुस्तकेच घ्यायची असतील, तर फोर्ट-गिरगाव सोडून कर्जत लोकलने थेट दादरलाच उतरावे. स्थानकाच्या पश्चिमेला छबिलदास शाळेच्या गल्लीत आयडियलचे दुकान आहे आणि तिथून काही मिनिटांवर, शिवाजी मंदिर नाट्यगृहात, मॅजेस्टिकचे ग्रंथदालन. एका दुकानात भाजीबाजाराच्या गर्दीतून शिरायचे, दुसऱ्यात नाटकाच्या तिकीटखिडकीजवळून. प्रयोगाला आलेला प्रेक्षक मध्यंतरात दिवाळी अंक घेऊन जातो, हे दृश्य इतर कोणत्या भाषेच्या बाजारात सहसा दिसणार नाही. १९०९ मध्ये काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी मासिक मनोरंजनचा दिवाळी अंक काढला, तेव्हापासूनची ही मराठीची खास चाल आहे. दिवाळीच्या आधीचे दोन आठवडे दादरच्या या दुकानांत उभे राहायला जागा नसते. स्थानकाच्या पूर्वेला मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय आहे. संस्था १८९८ सालची.

दादरहून परतताना संध्याकाळच्या गर्दीच्या वेळी पुस्तकांची जड पिशवी घेऊन कर्जत गाडीत चढणे अवघड जाते. चारच्या सुमारास निघावे, नाहीतर सरळ सीएसएमटीला जाऊन सुटण्याच्या ठिकाणीच जागा धरावी.

आता दुसरी दिशा. पुण्याकडे जाणाऱ्या बहुतेक गाड्या कर्जतला थांबतात, कारण पुढे बोरघाटाची १ ला ३७ अशी चढण आहे. सदतीस फूट पुढे गेले की एक फूट वर. गाडीला मागून रेटा देणारी जादा इंजिने इथे जोडली जातात. रेल्वेत त्यांना बँकर म्हणतात. तेवढ्या वेळात फलाटावर दिवाडकरांचे बटाटेवडे गाडीत चढतात. मात्र इंजिनासाठी थांबणारी प्रत्येक गाडी कर्जतच्या प्रवाशाला घेण्यासाठी थांबत नाही. कोणत्या गाडीला अधिकृत थांबा आहे हे वेळापत्रकात पाहावे. पुढचा तासभर बोगदे, दरी आणि पावसाळ्यात धबधबे. पावसाचा जोर असताना घाटात दरडी कोसळून गाड्या रद्द होतात, म्हणून जुलै-ऑगस्टमध्ये हा बेत आदल्या रात्रीची खबर घेऊनच करावा.

पुणे स्थानकापर्यंत न जाता शिवाजीनगरला उतरणे चांगले. तिथून अप्पा बळवंत चौक सुमारे दोन किलोमीटरवर आहे आणि वाट पाहण्याजोगी आहे. महापालिका भवनावरून पुढे मुठेवरचा शिवाजी पूल लागतो. १९२३ मध्ये बांधून झालेला हा दगडी पूल पुणेकरांसाठी अजून नवा पूलच आहे. पलीकडे शनिवारवाडा. १७३० मध्ये पाया घातलेला हा वाडा १८२८ च्या आगीत आतून जळाला आणि तटबंदी उरली. त्याच्यापासून दक्षिणेला जाणारा बाजीराव रस्ता धरला की काही मिनिटांत पुस्तकांच्या पाट्या दिसू लागतात. आता कसबा पेठेचे भुयारी मेट्रो स्थानकही जवळ आहे, पण पहिल्या खेपेला चालतच जावे. शनिवार, बुधवार, नारायण, सदाशिव या पेठा एकमेकींना किती लागून आहेत, हे पायांनाच कळते.

अप्पा बळवंत मेहेंदळे हे पेशवाईतले सरदार. त्यांचे वडील बळवंतराव पानिपतच्या मोहिमेत पडले. सवाई माधवराव एकदा पर्वतीहून परतत असता अंबारीतून तोल जाऊन पडत होते, त्यांना अप्पांनी याच ठिकाणी सावरले आणि म्हणून चौकाला त्यांचे नाव दिले गेले, अशी आख्यायिका पुण्यात सांगतात. हा चौक आज मराठीतली पुस्तकांची सर्वांत मोठी पेठ आहे. अभिमानाने दाखवावी अशी ही जागा, तरी तिच्यावर लिहिले गेले फार थोडे.

पहिल्यांदा येणाऱ्याचा मात्र गोंधळ होतो. चौकातल्या बऱ्याच दुकानांत पुस्तके हाताने काढून पाहायची सोय नसते. पुढे आडवे टेबल, त्यामागे विक्रेते, त्यांच्यामागे छतापर्यंत गेलेली फडताळे. गिऱ्हाईक इयत्ता, विषय आणि विद्यापीठ सांगते, विक्रेता मागे न बघता हात घालतो आणि पुस्तक टेबलावर येते. जूनमध्ये शाळा सुरू होताना इथे जिल्ह्याजिल्ह्यांतून आलेले पालक, विद्यार्थी आणि गावोगावचे दुकानदार दाटीवाटीने उभे असतात. १९६७ मध्ये स्थापन झालेल्या बालभारतीची पाठ्यपुस्तके, विद्यापीठांची क्रमिक पुस्तके, अभियांत्रिकीचे जाडजूड ग्रंथ, लोकसेवा आयोगाच्या परीक्षांचे संच हा या बाजाराचा कणा आहे. वापरलेली पुस्तके कमी किमतीत घेणे आणि वर्ष संपल्यावर तीच परत विकणे ही इथली जुनी रीत. खेड्यातून शिकायला आलेल्या कित्येक मुलांचे पदवीपर्यंतचे शिक्षण या रीतीमुळे आवाक्यात राहिले. साहित्याच्या शोधात येणारे लोक या दुकानांकडे नाक मुरडतात, ते योग्य नाही. पाठ्यपुस्तकांची उलाढाल ज्या बाजाराला जिवंत ठेवते, त्याच्याच आधाराने कवितेचे फडताळही उभे असते.

ते फडताळ पाहायचे तर चौकातच रसिक साहित्य आहे, उज्ज्वल ग्रंथ भांडार आहे आणि बाजीराव रस्त्यावर अक्षरधारा बुक गॅलरी आहे. शेवटच्या ठिकाणी पुस्तके मोकळी मांडलेली असतात; तासभर फिरून, चाळून, काहींच्या पाठीवरचा मजकूर वाचून मग निवड करता येते. विक्रेत्यांना विषय सांगावा, पुस्तकाचे नाव सांगितलेच पाहिजे असे नाही. कोकणातल्या लोकजीवनावरचे काही आहे का, आदिवासी समाजाच्या आत्मकथनात नवे काय आले, असे विचारले तर तीन-चार पुस्तके पुढे येतात आणि त्यांतले एखादे आपल्याला ठाऊक नसलेले असते. दुकानापर्यंत येण्याचे सार्थक होते ते इथे.

चौकापासून पायी दहा मिनिटांच्या आत शनिवार पेठेत साधना मीडिया सेंटर आहे. साने गुरुजींनी १९४८ च्या १५ ऑगस्टला सुरू केलेल्या साधना साप्ताहिकाच्या कार्यालयाला लागून असलेले हे दुकान स्वतःच्या प्रकाशनांबरोबर इतरांची वैचारिक पुस्तकेही ठेवते. सदाशिव पेठेत राजहंस प्रकाशन आहे. प्रकाशकाच्याच जागेत जाऊन पुस्तक घेण्याचा फायदा असा की, दुकानांतून दिसेनाशी झालेली जुनी आवृत्ती तिथे कधी कधी शिल्लक असते.

सदाशिव पेठेतच भारत इतिहास संशोधक मंडळ आहे. इतिहासाचार्य राजवाडे यांच्या प्रेरणेने १९१० मध्ये स्थापन झालेले. मंडळाची प्रकाशने तिथेच मिळतात. खालापूरच्या वाचकाला ही जागा विशेष जवळची वाटावी. १६६१ मध्ये शिवाजी महाराजांनी कारतलबखानाच्या फौजेला ज्या उंबरखिंडीत कोंडले, ती खालापूर तालुक्यात चावणी गावाजवळ आहे. खिंडीतला विजयस्तंभ पाहून आलेल्या विद्यार्थ्याने त्या लढाईची साधने कोणती, ती कोणी शोधली आणि छापली, हे इथे येऊन पाहावे. नकाशावर लहान दिसणारे आपले गाव ग्रंथांत किती ठिकाणी येते, याचा अंदाज त्यातून येतो. कर्जत तालुक्यापुरते बोलायचे, तर माथेरानचे हुतात्मा भाई कोतवाल आणि मानिवलीचे हुतात्मा हिराजी पाटील यांच्यावरची पुस्तके अशीच विचारून शोधावी लागतात. दोघेही १९४३ च्या २ जानेवारीला सिद्धगडावर धारातीर्थी पडले. अशी पुस्तके लहान प्रकाशकांनी थोड्या प्रती काढलेली असतात. ती दिसतील तिथे घ्यावीत.

बुधवार पेठेतून परतताना आणखी दोन जागा वाटेवर आहेत. पुणे नगर वाचन मंदिर १८४८ सालचे. दगडूशेठ गणपतीसमोरच्या भिडे वाड्यात जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी मुलींची शाळा सुरू केली तेही १८४८ सालीच. वाड्याची जुनी इमारत २०२३ मध्ये पाडली गेली आणि जागा राष्ट्रीय स्मारकासाठी घेतली गेली. वाचनालय आणि मुलींची शाळा एकाच वर्षी, एकाच पेठेत उघडली, ही गोष्ट पुस्तकांची पेठ इथेच का वाढली याचे बरेचसे उत्तर देते. पुढे शाळा आल्या, महाविद्यालये आली, छापखाने आले आणि वाचणारे गिऱ्हाईक चालत येण्याच्या अंतरावर राहू लागले. पायात जोर असेल तर लकडी पुलावरून डेक्कन जिमखान्यावर जाऊन इंटरनॅशनल बुक सर्व्हिस हे १९३१ पासूनचे दुकान पाहता येते.

पुस्तकांनी ओळखली जाणारी गावे जगात इतरत्रही आहेत. वेल्समधल्या हे-ऑन-वाय या लहान गावात रिचर्ड बूथ यांनी १९६०च्या दशकात जुन्या पुस्तकांची दुकाने काढली आणि गावाचे दैव पालटले. त्यावरून प्रेरणा घेऊन महाबळेश्वरजवळच्या भिलारला २०१७ च्या ४ मे रोजी पुस्तकांचे गाव करण्यात आले. भिलारला घराघरांत पुस्तके मांडलेली आहेत, ती तिथे बसून वाचायची. उपक्रम सुंदर आहे आणि मुलांना घेऊन जाण्याजोगा आहे. अप्पा बळवंत चौक कोणी ठरवून वसवलेला नाही. कोलकात्याच्या कॉलेज स्ट्रीटसारखा तो विद्यार्थ्यांच्या गरजेतून उगवला आणि म्हणून त्याची मुळे खोल आहेत.

तरी ही दुकाने सुखात नाहीत. मराठी पुस्तकाची आवृत्ती बहुधा हजार प्रतींच्या आसपास निघते आणि ती संपायला वर्षे लागतात. छापील किमतीतला जो हिस्सा विक्रेत्याला मिळतो त्यातून जागेचे भाडे, माणसांचे पगार आणि गिऱ्हाइकाला द्यायची सूट भागवावी लागते. ऑनलाइन विक्रेता त्याहून जास्त सूट देतो, कारण त्याला भर पेठेतले भाडे नाही. मोठ्या शहरांत जागेची किंमत इतकी चढली आहे की पुस्तके विकण्यापेक्षा जागा विकणे फायद्याचे ठरते. पुणे पुस्तक महोत्सवासारख्या २०२३ पासून फर्ग्युसन महाविद्यालयाच्या मैदानावर भरणाऱ्या प्रदर्शनांना प्रचंड गर्दी होते, त्यावरून वाचक उरलेला नाही हे खरे नाही एवढे दिसते. पण प्रदर्शन नऊ-दहा दिवसांचे. उरलेले वर्ष दुकान उघडे असावे लागते.

निघण्यापूर्वीची तयारी थोडीच आहे. रविवार टाळावा: फोर्टमधले बहुतेक व्यवहार त्या दिवशी बंद असतात आणि मध्य रेल्वेचा मेगाब्लॉकही बहुधा रविवारीच असतो. पाठ्यपुस्तके नको असतील तर जून टाळावा. दोन जाड कापडी पिशव्या आणि पावसाळ्यात प्लास्टिकचा मोठा कागद बरोबर असावा. शोधायच्या पुस्तकांची यादी लेखक आणि प्रकाशकासह लिहून न्यावी. पुस्तक नाही असे उत्तर मिळाले तर पुढे कुठे मिळेल हेही विचारावे. विक्रेते शेजारच्या दुकानाचे नाव मोकळेपणाने सांगतात. दुकानात बसून पुस्तक पाहून ते नंतर मोबाईलवरून स्वस्तात मागवू नये. ज्याने ते दाखवले त्याच्याकडूनच घ्यावे.

एकच दिवस हाती असेल आणि मराठी पुस्तकेच घ्यायची असतील, तर कर्जतहून पुण्याची गाडी धरावी. शिवाजीनगरला उतरून पायी निघालेला माणूस पाऊण तासाच्या आत अप्पा बळवंत चौकात उभा असतो.